जुन्या टीव्ही गेम शोंचं हरवलेलं संगीत: उसनं टिकलं, स्वतःचं गेलं?

तबकडी (धागाकर्ती)

जुन्या अमेरिकी आणि ब्रिटिश गेम शोंच्या नादी लागलेले इथे बरेच जण आहेत हे दुसऱ्या एका धाग्यावरच्या अवांतरातून कळलं, म्हणून हा वेगळा धागा. कोणता सूत्रसंचालक भारी, कोणता शो खोटा निघाला, ते इथे नको. इथे फक्त संगीत. शीर्षकधून, स्पर्धक डोकं खाजवत असताना वाजणारं, बक्षिसाची गाडी फिरताना मागे चालणारं, हरल्यावरचं 'प्वाँऽऽ', सगळं चालेल.

सुरुवात 'जेपर्डी!'पासून करते. विचार करायला दिलेल्या तीस सेकंदांत वाजणारी ती धून न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. शोचा निर्माता मर्व्ह ग्रिफिन याने ती आपल्या मुलासाठी अंगाई म्हणून केली होती, 'अ टाइम फॉर टोनी' या नावाने. शोमध्ये तिचं नाव 'थिंक!' झालं आणि १९८४ साली शो नव्याने सुरू झाला तेव्हा तिलाच शीर्षकधुनीचा मान मिळाला. पण १९६४ साली एनबीसीवर पहिला भाग लागला तेव्हा शीर्षकधून निराळीच होती, 'टेक टेन'. ती ग्रिफिनची तेव्हाची पत्नी ज्युलन हिची. आधी उत्तर द्यायचं आणि स्पर्धकाने प्रश्न सांगायचा, ही शोची मूळ कल्पनाही तिचीच.

१९७५ पर्यंत त्या मालिकेचे २,७०० हून जास्त भाग झाले आणि त्यातले बहुतेक सगळे पुसले गेले. तेव्हाची दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती आणि पुन्हा वापरता यायची. दुपारी लागणारा, आठवड्यातून पाच दिवस चालणारा शो पुन्हा कोण बघणार, या हिशेबाने त्याच टेपवर नवं काहीतरी रेकॉर्ड व्हायचं. बीबीसीतही १९७८ पर्यंत कमी-अधिक असंच चालत होतं.

आता माझा मुद्दा. शोबरोबर त्याचं संगीतही गेलं असं आपण सरसकट म्हणतो, ते मला पटत नाही. बाजारात मिळणारी तबकडी उचलून ज्यांनी शीर्षकधून म्हणून वाजवली त्यांचं संगीत आजही धडधाकट आहे. पैसे मोजून, संगीतकार बसवून, खास शोसाठी जे करून घेतलं तेच सगळ्यात जास्त हरवलं. पटतंय का? नसेल तर उदाहरणं द्या.

---

आडवातिडवा

वाचनखूण साठवली. मी 'प्राइस इज राइट'च्या हरण्याच्या तुताऱ्यांचा भक्त. माणसाच्या अपमानाचं इतकं नेमकं स्वरलेखन दुसरं नाही.

---

पाचवी_पट्टी

तबकडीताई, उसन्या गटाची यादी मीच देतो, बरीच लांब होईल.

'मॅच गेम' १९६२ साली सुरू झाला तेव्हा बर्ट केम्पफर्टची 'अ स्विंगिंग सफारी' वाजायची. 'आय हॅव गॉट अ सीक्रेट'ला लेरॉय अँडरसनची 'प्लिंक, प्लँक, प्लंक!'. ती तर शाळांचे वाद्यवृंदसुद्धा वाजवतात. 'डेटिंग गेम'मध्ये हर्ब अल्पर्टच्या 'टिहुआना ब्रास'ची रेलचेल: 'स्पॅनिश फ्ली', 'व्हिप्ड क्रीम', 'लॉलिपॉप्स अँड रोझेस'. 'नाउ यू सी इट'ला १९७४ मध्ये क्विन्सी जोन्सची 'चंप चेंज'. आणि माझी सगळ्यात लाडकी, 'जोकर्स वाइल्ड'ची 'द सेव्हर्स'. पेरी आणि किंग्स्ली या जोडगोळीने मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर केलेली, १९६७ च्या अल्बममधली. शो आला १९७२ मध्ये.

यातलं काहीही आज पाच मिनिटांत ऐकता येतं, तेही स्वच्छ, निवेदकाच्या बडबडीशिवाय. कारण सरळ आहे, प्रती हजारोंनी विकल्या गेल्या होत्या. शोच्या टेपा जाळल्या असत्या तरी या धुनींना धक्का लागला नसता.

---

नवा_श्रोता

एक भाबडा प्रश्न. जे ओळखू येत नाही ते शझाम या गाणी ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवलं तर? मी एका जुन्या भागाचा शेवट ऐकवून पाहिला, काहीच आलं नाही. आणि आपल्या 'कौन बनेगा करोडपती'ची धून कोणत्या गटात टाकायची?

---

खर्जातला

@नवा_श्रोता, दोन अडचणी. एक, ज्या रेकॉर्डिंगचा ठसा त्यांच्या साठ्यात आहे तेच त्याला ओळखता येतं. दुसरी, वेग. तुम्ही ऐकता तो भाग फिल्मवरून टेपवर, टेपवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर असा उतरलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर वेग किंचित सरकतो आणि त्याबरोबर सूरही. आपल्या कानाला फरक पडत नाही, यंत्राला पडतो. आधी वेग सरळ करून मग ऐकवा. टाळ्या आणि बोलण्याने तितकंसं बिघडत नाही.

'करोडपती'ची धून मूळ ब्रिटिश शोसाठी कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅखन या बापलेकांनी १९९८ साली केलेली. म्हणजे ती खास शोसाठी बनवलेली, तरीही हरवायची सुतराम शक्यता नाही. कारण तो शो देशोदेशी विकताना संगीतही सोबत गेलं. तबकडी यांचा नियम मला जवळपास मान्य आहे, पण तो 'उसनं की स्वतःचं' असा नसून 'किती प्रती' असा आहे.

शिवाय तुम्ही एक अख्खा मधला गट सोडलात: लायब्ररी संगीत. केपीएम, डी वोल्फ अशा कंपन्या 'तणाव', 'उद्योग', 'हलकीफुलकी सकाळ' अशा वर्णनांसह संगीत तयार ठेवायच्या. या तबकड्या दुकानात मिळत नसत, स्टुडिओंना पाठवल्या जात. हवा तो तुकडा उचला, वाजवा, ठरलेले पैसे भरा.

बीबीसीच्या 'मास्टरमाइंड'ची ती काळीज गोठवणारी धून म्हणजे नील रिचर्डसनची 'अप्रोचिंग मेनेस', केपीएमची. अमेरिकेत 'टू टेल द ट्रुथ'ची पहिली धून डॉल्फ व्हॅन डर लिंडेनची 'पीटर पॅन', तीही लायब्ररीतली. १९७३ च्या 'टेन थाउजंड डॉलर पिरॅमिड'ची 'ट्यूनिंग अप' केन आल्डिनची. सगळ्यात मजेदार 'चिकन मॅन', अ‍ॅलन हॉकशॉची. ब्रिटनमधल्या मुलांना ती 'ग्रेंज हिल' या शाळेच्या मालिकेची धून म्हणून पाठ. थेम्स वाहिनीने त्याच सुमारास तीच धून 'गिव्ह अस अ क्लू' या मूकाभिनयाच्या खेळाला लावली. दोन वाहिन्या, दोन कार्यक्रम, एकच कोंबडी. लायब्ररीत कोणाचीही मक्तेदारी नसायची त्याचा हा परिणाम.

या गटातलं संगीत हरवत नाही, निनावी होतं. तबकडी कुठेतरी असतेच, पण तीच ती धून हे सांगणारा कोणी उरलेला नसतो.

---

आडवातिडवा

एकच कोंबडी :)) हॉकशॉच 'काउंटडाउन'च्या घड्याळाच्या तीस सेकंदांचाही बाप ना? म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर लोक तीस-तीस सेकंदांवर आयुष्यभर जेवले.

---

खर्जातला

हो, तोच. चॅनल फोर २ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं तेव्हा पहिला कार्यक्रम 'काउंटडाउन'च होता.

---

जुनी_फीत

मी थोडा वेगळा सूर लावते. तुम्ही सगळे शीर्षकधुनींवर बोलताय. त्या बऱ्यापैकी वाचल्या आहेत, कारण प्रत्येक भागात दोनदा वाजतात. खरा संहार झाला आहे तो बारक्या तुकड्यांचा. फ्रिज दाखवतानाचे बारा सेकंद, जाहिरातीला जातानाचे सात सेकंद, 'आता मोठ्या बक्षिसाची फेरी'चा चढता सूर. त्यांना नाव नसायचं, असलं तर नुसता आकडा.

ते वाजायचे कसे हे समजलं की हरवले कसे तेही कळतं. स्टुडिओत मूळ पाव इंची टेप लावून कोणी बसत नसे. प्रत्येक तुकडा एकेका कार्टवर उतरवलेला असायचा. कार्ट म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळलेली बिनटोकाची टेप. बटण दाबलं की वाजते आणि फिरून पुन्हा सुरुवातीला येऊन थांबते. ध्वनिवाला समोर कार्टची चळत घेऊन बसायचा आणि खेळ बघत बघत हात चालवायचा. कार्ट झिजली की मूळ टेपवरून नवी काढायची. शो बंद पडला की कार्ट पुसून दुसऱ्या कामाला. मूळ टेप निर्मात्याकडे, संगीत पुरवणाऱ्याकडे किंवा कुठल्या तरी गोदामात. कंपनी विकली गेली की ते गोदाम कोणाचं हेच कोणाला माहीत नसतं.

आणि समजा टेप सापडलीच. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक टेपांचा चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. तशीच लावली तर हेडवर काळा राप साचतो, टेप किंचाळते आणि थर निघून येतो. म्हणून आधी ती साधारण ५४ अंश सेल्सिअसवर कित्येक तास मंद भाजतात, मग थोड्या दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात उतरवून घ्यायचं. हे घरच्या ओव्हनमध्ये करायचं काम नाही, कृपया कोणी करू नका. आणि साठच्या दशकातल्या अ‍ॅसिटेट टेपेला तर भाजणं मुळीच चालत नाही.

---

हट्टी_कान

मस्त प्रतिसाद. ऑर्गनवाल्यांना मात्र विसरू नका. सुरुवातीच्या कित्येक शोंत कार्टबिर्ट काही नव्हतं, कोपऱ्यात एक माणूस ऑर्गनवर बसलेला असायचा आणि खेळ बघून तिथल्या तिथे वाजवायचा. ब्रिटनच्या 'सेल ऑफ द सेंच्युरी'त पीटर फेन असा बसायचा. धूनही त्याचीच, 'जॉयफुल पीट'. अशा शोंमधल्या छोट्या स्वरलहरींची मूळ टेप शोधणं व्यर्थ आहे. त्या शोच्या ध्वनीपलीकडे कधी नव्हत्याच. भाग पुसला, त्या गेल्या.

---

कागदपत्रे

धागा उशिरा पाहिला. सगळे टेपांच्या मागे लागलेत, मी कागदाची बाजू मांडतो. माझ्या मते शोध तिथूनच सुरू व्हायला हवा.

प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमाची क्यू शीट भरली जाते: कोणता तुकडा, किती सेकंद, संगीतकार कोण, प्रकाशक कोण, शीर्षक म्हणून वाजला की पार्श्वभूमीला. ती एएससीएपी, बीएमआय किंवा ब्रिटनच्या पीआरएस या संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थांकडे जाते आणि त्यावरून मानधनाचे पैसे वाटले जातात. जिथे पैसा वाटायचा असतो तिथले कागद टिकतात. 'थिंक!'ने आपल्याला सात कोटी डॉलरच्या आसपास मिळवून दिले असं खुद्द ग्रिफिन सांगायचा. रोज वाजणाऱ्या धुनीचा हिशेब किती काटेकोर ठेवला जात असेल, बघा.

या संस्थांच्या सूची आता ऑनलाइन शोधता येतात. फक्त शोच्या नावाने शोधू नका, संगीतकाराच्या नावाने शोधा. 'फॅमिली फ्यूड'ची धून वॉल्ट लेविन्स्कीची. १९७५ च्या 'व्हील ऑफ फॉर्च्यून'ची पहिली धून 'बिग व्हील्स' अ‍ॅलन थिकची. हो, तोच पुढे 'ग्रोइंग पेन्स'मध्ये बाप झालेला नट. 'प्राइस इज राइट'ची १९७२ ची धून एड केलहॉफची. साठच्या दशकातल्या 'पासवर्ड'साठी बॉब कोबर्ट. १९८२ मध्ये 'पिरॅमिड'ची धून नव्याने केली तीही त्यानेच. केलहॉफ, लेविन्स्की वगैरे मंडळी बॉब इस्राएलच्या 'स्कोअर प्रॉडक्शन्स'साठी काम करायची, त्यामुळे प्रकाशकाचा धागा पकडला की एका शोवरून दुसऱ्यावर जाता येतं.

एक सापळा सांगून ठेवतो. १९७६ चा 'डबल डेअर' आपटला, पण त्याची केलहॉफने केलेली धून १९७८ च्या 'कार्ड शार्क्स'ला लावली आणि त्या नावाने गाजली. पुढे १९८६ मध्ये निकलोडियनचा मुलांचा 'डबल डेअर' आला. तो शोच वेगळा, धूनही वेगळी, संगीतकार मात्र पुन्हा केलहॉफ. आता सूचीत एकाच माणसाच्या नावावर 'डबल डेअर थीम' दिसली की ती कोणती? साल आणि प्रकाशक पाहिल्याशिवाय उडी मारू नका.

दुसरी खाण म्हणजे अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदी. १९७७ पर्यंतच्या छापील सूची स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. प्रकाशित न झालेल्या संगीताचे नोंदणी क्रमांक ईयू या अक्षरांनी सुरू होतात. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की १९७८ च्या आधी धुनीची नोंदणी करताना नुसती टेप चालत नसे, स्वरलेखन जमा करावं लागायचं. म्हणजे जिची टेप पुसली, कार्ट पुसली, भागही पुसला, अशा धुनीचा एक हाती लिहिलेला कागद वॉशिंग्टनच्या संग्रहात असू शकतो. मूळ नोटेशन एका पानाचं का असेना.

---

तबकडी

कागदपत्रेकाका, दंडवत घ्या. ईयूचं मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे 'टेक टेन'सुद्धा...?

---

कागदपत्रे

नोंदणी झाली असेल तर. सगळ्यांची व्हायचीच असं नाही, पुष्कळ निर्माते ती उठाठेव करत नसत. सूचीत ज्युलन ग्रिफिनच्या नावाखाली १९६३ ते १९६५ चाळा. नाव नेमकं तेच असेल असंही धरू नका.

---

हट्टी_कान

थांबा थांबा. एका पानाचा कागद सापडला म्हणजे संगीत सापडलं का? त्यावर वरची चाल असेल आणि डोक्यावर कॉर्डची अक्षरं. या धुनींचा जीव चालीत नाही, वाद्यमेळात आहे. 'फॅमिली फ्यूड'ची चाल पेटीवर वाजवून दाखवा, नुसतं बँजो काढून टाका, काय उरतं बघू. ते रेकॉर्डिंग, ती वाजवणारी माणसं, ती खोली, हे कागदावर नसतं.

हाच आक्षेप माझा चाहत्यांच्या जोडकामावरही आहे. वेगवेगळ्या भागांतून निवेदक गप्प असलेले तुकडे उचलायचे, सांधे जुळवायचे आणि वर लिहायचं 'संपूर्ण, स्वच्छ, मूळ'. तो गोधडीचा प्रकार आहे. गोधडी उबदार असते, नाही असं नाही, पण तिला शालू म्हणू नका. आता तर आवाज वेगळे करणारी एआय साधनं आली आहेत. निवेदक काढतात आणि त्याच्यासोबत झांजांची धारही काढतात. मग ट्रम्पेट पाण्याखालून वाजल्यासारखे ऐकू येतात आणि खाली पन्नास जण 'वा, किती स्वच्छ' म्हणतात.

---

जुनी_फीत

हट्टीराव, लेबलाबद्दल शंभर टक्के सहमत. जोडकामाला जोडकाम म्हणावं, आणि कोणता सेकंद कोणत्या भागातून घेतला ते खाली लिहावं. पण जोडकामच करू नये हे मान्य नाही. मूळ टेप निघालीच तर तिच्याशी ताडून बघायला काहीतरी हवं ना? कोणत्या तुकड्यानंतर कोणता यायचा, शेवट विरत जायचा की ठोक्यावर थांबायचा, हे शोमधूनच कळतं. मूळ टेपेवर तर एकाच धुनीचे चार-चार प्रकार असतात, आणि प्रसारणात कोणता गेला ते टेप सांगत नाही.

जे करतात त्यांच्यासाठी थोड्या क्लृप्त्या:

शेवटची श्रेयनामावली पूर्ण चालवलेला भाग शोधा. बहुतेक दिवशी ती कापलेली असते किंवा वरून निवेदक प्रायोजकांची नावं वाचतो, अधूनमधून मात्र लांबलचक सोडलेली सापडते. सगळ्यात सलग संगीत तिथे मिळतं.

अमेरिकेत टीव्हीवर स्टिरिओ आला १९८४ मध्ये. त्यानंतरच्या भागाचं चांगलं स्टिरिओ रेकॉर्डिंग असेल तर निवेदक बहुधा मधोमध असतो. डाव्यातून उजवा वजा केला की तो बराचसा नाहीसा होतो, एआय लागत नाही. मधला ड्रम आणि बेसही जातो, ती किंमत. त्याआधीचं सगळं मोनो, तिथे ही युक्ती फुकट.

घरगुती रेकॉर्डिंग सर्वांत मोलाचं. व्हीसीआर यायच्या आधी लोक टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवडते शो टेप करायचे. चित्र पुसलं गेलेल्या काही शोंचा आवाज असाच उरला आहे. त्यात कुत्रं भुंकतं, कोणी दार आपटतं, चालायचंच. वेग दुरुस्त करायला खालची गुणगुण ऐका. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिची गुणगुण टेपवर बहुतेक वेळा उतरलेली असते. ती ६२ वर दिसली तर तुमची फाइल तेवढ्या प्रमाणात जोरात चालते आहे, खाली आणा. ब्रिटिश रेकॉर्डिंग असेल तर ५०. एकाच टेपवर सुरुवातीला आणि शेवटी वेगळा वेग निघतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. आणि गुणगुण नंतरच्या कॉपीतही शिरते, तेव्हा दोन रेषा दिसल्या तर मूळ कोणती ते आधी ठरवा.

---

पाचवी_पट्टी

फिल्मवरून आलेल्या भागांबद्दल एक भर. 'व्हॉट्स माय लाइन?' एवढा वाचला तो नशिबाने नाही. सुरुवातीची वर्षं सीबीएस त्याच्या किनेस्कोप फिती नष्ट करायचं. १९५२ मध्ये गुडसन आणि टॉडमन या निर्मात्यांनी प्रत्येक भागाच्या फितीचे पैसे स्वतः भरायची तयारी दाखवली. म्हणून आज तो बघता येतो. पण किनेस्कोप म्हणजे टीव्हीचा पडदा फिल्मवर चित्रित केलेला, आणि आवाज फिल्मच्या कडेच्या पट्टीवर. वरचे सूर कापलेले. त्याची झांज मुळातच कुंद असते, एआयला बोल लावू नका :)

---

नवा_श्रोता

माझ्याकडचा एक अनोळखी तुकडा सांगू का? शोचं नाव फितीवर नाही. कोणीतरी एकापाठोपाठ एक नुसते बक्षिसांचे भाग जोडलेले आहेत. साधारण पंधरा सेकंद. गिटारचा 'वाका-वाका' आवाज, वर बासरी, शेवटी तुतारीसारखं काहीतरी, पण ते खरं वाद्य वाटत नाही. कोणत्या काळातलं असेल?

---

खर्जातला

वाका-वाका म्हणजे वाह-वाह पेडल, ते बाजारात आलं १९६७ मध्ये. त्याआधीचं नाही. न वाटणारी तुतारी सिंथेसायझर असेल तर ती कशी वाजते ते ऐका. एका वेळी एकच सूर, थोडा घसरत जाणारा, जाडसर असेल तर मूगच्या घराण्यातला, सत्तरचं दशक. अनेक सूर एकत्र आणि काचेसारखा टणक आवाज असेल तर यामाहा डीएक्स-७, म्हणजे १९८३ किंवा नंतर. ड्रम ऐकू येतात का? प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा असेल तर ड्रम मशीन, लिनड्रम १९८२ चा.

पण लक्षात घ्या, वाद्यावरून फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच ठरतं. 'याच्या नंतरचं नाही' हे ठरत नाही. वर 'द सेव्हर्स'चं उदाहरण आहेच, धून शोपेक्षा पाच वर्षांनी मोठी. लायब्ररीतले तुकडे तर दहा-पंधरा वर्षं जुने असले तरी बिनदिक्कत वापरले जायचे.

---

नवा_श्रोता

एका वेळी एकच सूर आहे, घसरतोही. ड्रम खरे वाटतात. आणि मागे लोकांच्या 'ओऽऽ'च्या वर निवेदक गाडीचं मॉडेल सांगतोय, वर्ष मात्र कळत नाही.

---

आडवातिडवा

अरे मग संगीतावरून काळ कशाला काढतोस, गाडीवरून काढ! अमेरिकी गाड्यांची मॉडेलं दर वर्षी बदलायची. शो बहुतेक येऊ घातलेलं किंवा चालू वर्षाचंच मॉडेल बक्षीस द्यायचे. मॉडेलचं नाव इथे लिही, गाड्यांच्या धाग्यावरची जनता दहा मिनिटांत साल सांगेल, वर मायलेजही सांगेल.

---

हट्टी_कान

आडव्या, पहिल्यांदाच कामाचं बोललास. बक्षिसांच्या किमतीही नोंदव. 'प्राइस इज राइट' असेल तर किंमत बोलली जातेच.

---

तबकडी

हक्कांचा प्रश्न कोणी काढला नाही, म्हणून मीच काढते. या फायली इथे जाहीर टाकता येतील का? सापडलेली धून आणि वापरायची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत ना?

---

कागदपत्रे

पूर्ण वेगळ्या. चालीचा हक्क एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. अमेरिकेत रेकॉर्डिंगला संघराज्याचं कॉपीराइट संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या रेकॉर्डिंगना. पण म्हणून आधीची मोकळी आहेत असं मुळीच नाही. २०१८ च्या कायद्याने त्यांनाही मुदत लावून दिली आहे, आणि १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधली रेकॉर्डिंगं २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. मालक कोण हे कोणालाच सांगता येत नाही, तरी मालक असतोच. इथे अख्ख्या फायली टाकू नका. काळ, वाद्यं, सेकंद, कोणत्या भागातून, ही माहिती टाका. तेवढ्यावर शोध चालतो.

तबकडी, तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. 'स्वतःचं हरवलं' हे खरं, पण त्यामागे निष्काळजीपणापेक्षा मालकीचा हट्ट जास्त आहे असं मला दिसतं. धून आपली असली की दर प्रसारणाला प्रकाशकाचा वाटाही आपल्याच घरात येतो. ग्रिफिनने 'जेपर्डी!'ची धून बाहेरून घेतली नाही, 'व्हील'लाही १९८३ मध्ये थिकची धून काढून स्वतःची 'चेंजिंग कीज' लावली. उत्पन्न प्रसारणातून येत असल्यावर तबकडी काढून विकण्यात कोणाला फारसा रस असणार? आणि तबकडी निघाली नाही म्हणून प्रती नाहीत.

---

हट्टी_कान

हे पटलं. ग्रिफिनचीच 'फ्रिस्को डिस्को' घ्या ना. १९७८-७९ मध्ये 'जेपर्डी!' थोड्या महिन्यांसाठी परत आला तेव्हाची. नावावरूनच कळतं किती काळ टिकणार होती. पण वाजवलेली झकास आहे, आणि तीही निवेदकाखालूनच ऐकायची.

---

खर्जातला

'बिग व्हील्स'ची स्थिती तशीच. पहिला सूत्रसंचालक चक वूलरीच्या काळातले दुपारचे बहुतेक भाग गेले. जे फिरतात त्यांतले काही घरगुती टेपवरचे.

---

तबकडी

मग एक काम ठरवूया, 'बिग व्हील्स'च. ज्यांच्याकडे १९७५ ते १९८३ मधल्या 'व्हील'च्या भागांचे दुवे आहेत त्यांनी फक्त इतकं लिहावं: प्रसारणाचं साल (माहीत असेल तर), शेवटचं संगीत कितव्या मिनिटाला सुरू होतं, सलग किती सेकंद निवेदकाशिवाय आहे. मी एकत्र तक्ता करते. जुनी_फीत, वेग मोजायचं काम तुमच्याकडे देऊ?

---

जुनी_फीत

द्या. पण दुवे युट्यूबचे असतील तर वर टाकणाऱ्याने कशावरून उतरवलं तेही विचारून घ्या. पहिल्या पिढीची टेप असेल तरच ६० ची रेषा विश्वासाची. तिसऱ्या कॉपीवर मी तास घालवणार नाही.

---

नवा_श्रोता

गाडी शेव्हरोले मोंझा आहे. तीनदा ऐकलं, मोंझाच.

---

आडवातिडवा

मोंझा म्हणजे १९७५ ते १९८० ची मॉडेलं. वाह-वाह, एकसुरी सिंथ, खरे ड्रम, सगळं बसतंय. आता निवेदक किंमत काय सांगतो ते ऐक.